पोरगा खोलीबाहेर येत नाही, टीव्हीत माझ्याबद्दल बोलतात म्हणतो... अशा घरी गेल्यावर आम्ही नेमकं करतो काय?

आडवाटेचा_ब्रदर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो. मागे इथेच एका धाग्यावर कोणीतरी लिहिलं होतं की मानसिक पेशंटकडे नर्सचं काम काय, तर इंजेक्शन देणं आणि चौघांनी मिळून धरून ठेवणं. खाली सात-आठ जणांचं +१. तेव्हापासून डोक्यात घोळत होतं, आज रविवार आहे, बायको माहेरी आहे, म्हणून टंकायला बसलो. लांबेल, आधीच सांगतो.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात कम्युनिटी नर्स आहे. पुरुष असल्यामुळे सगळे ब्रदर म्हणतात. हा कार्यक्रम देशात १९९६ ला मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाला, आता जवळपास सगळीकडे आहे. टीममध्ये सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर आणि आमच्यासारखा एखादा नर्स (म्हणजे कागदावर, प्रत्यक्षात एखादी खुर्ची रिकामी असतेच). सिव्हिलला ओपीडी, ठरलेल्या वारी ग्रामीण रुग्णालयात कॅम्प, आणि मधल्या वेळात घरभेटी. घरभेटीला गाडी मिळाली तर मिळाली, नाहीतर आपली शाईन जिंदाबाद.

आजचा विषय फक्त एकाच प्रकारच्या घराचा, जिथे १७-१८ ते पंचविशीतल्या पोराला किंवा पोरीला सायकोसिस पहिल्यांदाच झालाय. म्हणजे भास होतात, कानात आवाज येतात, कोणीतरी पाळत ठेवतंय असं पक्कं वाटतं, बोलण्याचा धागा सुटतो.

एक उदाहरण देतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

पोरगा आयटीआयला, इलेक्ट्रिशियन ट्रेड. दिवाळीनंतर आधी कॉलेज सुटलं, मग मित्र सुटले, मग आंघोळ. रात्रभर जागा. मोबाईल चांदीच्या कागदात गुंडाळून ज्वारीच्या कोठीत खाली पुरलेला. आणि घरातले सगळे स्विचबोर्ड उघडून पाहिलेले, आत माईक बसवलाय का म्हणून. परत बसवले मात्र नीट, एक वायर इकडची तिकडे नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं.

आशाताईंनी सांगितलं म्हणून गेलो. बापाने दारातच विचारलं, "येरवड्याला न्यायला आलात का?" आमच्याकडे हे नेहमीचंच. राज्यात मोठी मनोरुग्णालयं चारच, येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, पण लोकांच्या मनात मानसिक आजार म्हणजे थेट तिथलं फाटक. म्हटलं नाही हो, पाणी द्या आधी, ऊन लई आहे.

पोरगा आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसलेला. मी उंबऱ्याशीच बसलो, आत गेलो नाही. त्याची बाहेर पडायची वाट मोकळी राहील असं बसायचं, आणि आपलीही राहील. आईने चहा आणला. त्याने कपाला हात लावला नाही, दहा-बारा दिवस आईच्या हातचं धड खात नव्हता. मी काही न बोलता माझा कप त्याच्याकडे सरकवला आणि त्याचा उचलून प्यायलो. तो प्यायला नाही, पण बघत होता.

पंधरा मिनिटांनी म्हणाला, "तुम्ही पण त्यांचेच आहात."

इथे नवखा माणूस हमखास चुकतो. एक तर समजावायला लागतो, अरे बाबा टीव्हीतले लोक तुझ्याबद्दल कशाला बोलतील, किंवा मग सोपं पडतं म्हणून हो ला हो करतो. समजावलं की आपण शत्रूच्या यादीत जातो. आणि हो ला हो केलं तर खोटं बोललो हे त्याला कधी ना कधी कळतंच, ही पोरं मूर्ख नसतात. मी म्हटलं, "मला तो आवाज येत नाही. पण तुला येतोय आणि त्यापायी तू किती रात्री झोपला नाहीस ते तुझ्या डोळ्यांत दिसतंय." झोपेवर तो बोलला. आवाजावर नाही, झोपेवर. बहुतेक घरांत पहिली कडी झोपेचीच लागते.

त्या दिवशी मी गोळीचं नाव काढलं नाही. पहिल्या भेटीत माझं काम एकच, दुसऱ्यांदा घरात घेतलं पाहिजे.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा गाडीचा हॉर्न खरंच लागत नव्हता. म्हटलं बघतोस का जरा. तीन आठवड्यांत पहिल्यांदा अंगणात आला. टेस्टर मागितला, हॉर्नची वायर सोलली, जोडली, वर टेप मारली. आई दारात तोंडाला पदर लावून उभी. तिसऱ्या भेटीनंतर त्याच गाडीवर मागे बसून ग्रामीण रुग्णालयात आला.

आता घाई कशाची ते सांगतो. पहिलं लक्षण दिसल्यापासून पहिला योग्य उपचार सुरू होईपर्यंत जो मधला काळ जातो, तो जितका लांबेल तितकं पुढे बरं होणं अवघड जातं. गोळीला प्रतिसाद कमी, शिक्षण सुटलेलं, मित्र तुटलेले, घरात सगळे थकलेले. आमच्याकडे हा काळ कशात जातो तर परीक्षेचं टेन्शन, मग प्रेमभंग, मग बाहेरचं, मग देवऋषी, मग मामा म्हणतात लग्न लावून द्या. लग्नाने बरा झालेला मला अजून दिसलेला नाही. दोन घरं बुडालेली दिसलीत.

आणि उपचार सुरू झाले म्हणजे संपलं असंही नाही. या पोराच्याच बाबतीत एक चूक माझी झाली. डॉक्टरांनी हॅलोपेरिडॉल, म्हणजे आवाज-भास कमी करणारी गोळी, सुरू केली. त्याने काही जणांत, त्यातही तरुण पोरांत, पहिल्या दोन-चार दिवसांत मान एका बाजूला वळून ताठ होते, जबडा अडकतो, डोळे वर चढतात. दिसायला भयानक, पण प्रोमेथाझिन, म्हणजे फेनरगनचं इंजेक्शन दिलं की अर्ध्या तासात सुटतं. हे घरच्यांना आधी सांगायचं असतं, आणि त्या दिवशी कॅम्पला एवढी गर्दी की मी विसरलो. तिसऱ्या रात्री अकराला मान वळली. घरच्यांनी काय करावं? बाधा उलटली म्हणून देवऋषीकडे उचलून नेलं. पहाटेपर्यंत धूर आणि लिंबं. मला सकाळी फोन. इंजेक्शन दिलं, मान सुटली, पण पुढचे दीड महिने त्या घराचा गोळीवर विश्वास बसेना आणि मला दर चार दिवसांनी पस्तीस किलोमीटर जावं लागलं. तेव्हापासून मी गोळ्यांची पिशवी उघडतो तेव्हा आधी मान वाकडी करून दाखवतो, "असं झालं तर घाबरायचं नाही, मला फोन." लोक हसतात. हसू देत.

तर असं आहे. प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देतो. औषधाचे डोस मात्र इथे विचारू नका, सांगणार नाही.

---

रानजाई

अप्रतिम लिहिलंय. चहाचा कप बदलला ते वाचून थांबले थोडा वेळ. अजून लिहा.

---

चुलत_भाऊ

+१. वाचतोय.

---

तिरकी_रेघ

ब्रदर, तुमच्या कष्टाबद्दल आदर आहे, पण थोडं विरुद्ध मत मांडतो, राग मानू नये. वीस वर्षांच्या पोराला मेंदूच्या गोळ्या सुरू करायच्या आणि त्या वर्षानुवर्षं चालू ठेवायच्या यात औषध कंपन्यांचा किती फायदा आहे याचा विचार कोणी करतं का? आमच्या लहानपणी गावात असे दोन-तीन जण होते, देवळाच्या पारावर बसायचे, कोणी भाकरी द्यायचं, गावाने सांभाळले. त्यांना कोणी पेशंट म्हणत नव्हतं. आता जरा कोणी गप्प बसला की डिप्रेशन, जरा वेगळं बोलला की सायकोसिस.

---

आडवाटेचा_ब्रदर

@तिरकी_रेघ, राग कशाचा. पारावरचे मलाही आठवतात. आमच्या गावचा एक जण थंडीत पारावरच गेला, सकाळी दूधवाल्याला दिसला. त्याची बहीण अजून आहे, ती सांगते तो शाळेत पहिला यायचा. गावाने भाकरी दिली हे खरंच. त्याच्या जखमेत किडे पडले होते तेव्हा मात्र कोणी जवळ गेलं नाही, हेही खरं.

औषध कंपन्यांचं म्हणाल तर आम्ही सरकारी दवाखान्यात जे वाटतो ते जुनं, स्वस्त, जेनेरिक. आणि जन्मभर असं सरसकट नसतं. पहिल्या वेळेनंतर बरं वाटायला लागल्यावर साधारण वर्ष-दोन वर्षं तरी चालू ठेवायची, मग डॉक्टरांच्या नजरेखाली हळूहळू कमी करून बघायचं. काहींची सुटते, काहींना परत लागते. आपल्या मनाने एकदम बंद केली तर बहुतेकांना परत त्रास होतो, हे मात्र मी डोळ्यांनी बघतो, दर पावसाळ्यात.

---

तिरकी_रेघ

असो. माझं मत मी मांडलं.

---

मफलरवाले_डॉक्टर

चांगला धागा. सायकियाट्री करतो म्हणून दोन गोष्टींची भर घालतो.

पहिल्यांदा असं झालं म्हणजे स्किझोफ्रेनियाच, असं कोणीही, डॉक्टरनेसुद्धा, पहिल्याच भेटीत म्हणू नये. काहींचं महिन्याभरात पूर्ण ओसरतं, काहींचं पुढे बायपोलर (मूड कधी फार चढतो, कधी फार उतरतो तो आजार) निघतं, काहींच्या मागे गांजा असतो. ताप, डोकेदुखी, फिट, आपण कुठे आहोत हेच न कळणं असं सोबत असेल तर आधी फिजिशियन, कारण मेंदूज्वरातही माणूस असाच बरळतो. थायरॉइड बघावं, कुठल्या कारणाने स्टिरॉइड चालू आहेत का विचारावं. आणि बाळंतीण असेल, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झोप उडाली, बाळाबद्दल काहीतरी विचित्र बोलायला लागली, तर ती इमर्जन्सी समजा, उद्यावर ढकलू नका. तिला आणि बाळाला एकटं सोडू नका.

ब्रदरनी मान वळण्याची चूक कबूल केली त्याचं कौतुक. खरं तर ते सांगणं आम्हा लिहून देणाऱ्यांचंही काम आहे, दोन मिनिटांच्या ओपीडीत आम्ही ते तुमच्यावर ढकलतो.

---

सदाफुली_७

मी इथे कधी लिहीत नाही, आज लिहितेय. माझा धाकटा भाऊ २२ वर्षांचा आहे. पुण्यात इंजिनिअरिंगला होता, थर्ड इयरला रूम पार्टनर त्याच्या वह्या वाचतात, त्याच्या मनातलं त्यांना आधीच कळतं असं म्हणायला लागला. आम्हाला वाटलं रॅगिंग. पप्पांनी जाऊन कॉलेजात भांडण केलं. मग घरी आणला. मग एक वर्ष दोन महिने असेच गेले, त्यात त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी झाली, पत्रिका तीन जणांना दाखवली, एका काउन्सेलरकडे नेलं त्यांनी अभ्यासाचं टाइमटेबल करून दिलं. शेवटी आत्याच्या ओळखीने एका डॉक्टरांकडे मम्मी-पप्पा त्याला न घेताच गेले, त्यांनी थेंबांचं औषध दिलं, चव लागत नाही, वरणात घाला म्हणाले. चार महिने घातलं. फरक पडला हो, झोपायला लागला, बडबड कमी झाली. पण गेल्या महिन्यात त्याने मम्मीला घालताना बघितलं. आता तो फक्त बिस्किटचे सीलबंद पुडे खातो, ते पण स्वतः दुकानातून आणून. वायफायचा राउटर काढून बाहेर नेऊन ठेवलाय. मम्मी दिवसभर रडते. ब्रदर, काय करू? दुसऱ्या कशातून द्यावं का?

---

आडवाटेचा_ब्रदर

ताई, आधी आईंना सांगा की त्यांनी वाईट काही केलेलं नाही. अशी हजारो घरं आहेत, आणि असा सल्लाही सर्रास मिळतो. पण दुसऱ्या कशातून आता देऊ नका.

कारण बघा, त्याचा संशय हाच होता की लोक माझ्यात लपूनछपून काहीतरी घालतायत. आता ते खरं निघालं. त्याच्या बाजूने विचार करा, तो वेडा कुठे ठरला? शिवाय लपवून दिलं की साइड इफेक्ट त्याला विचारता येत नाहीत, रक्त तपासता येत नाही, आणि बरं वाटलं तरी कशाने वाटलं हे त्याला कळतच नाही, मग पुढे गोळी घ्यायचं कारण काय उरतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही पेशंटची संमती, त्याला समजेल अशी माहिती यावर भर आहे.

करायचं काय ते माझ्या अनुभवाने सांगतो, तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करा.

आईंनी त्याच्याजवळ कबूल करावं. लांबलचक नाही. "तू झोपत नव्हतास, मी घाबरले, विचारायला हवं होतं, विचारलं नाही. आता घालणार नाही." बस. त्याने शिव्या दिल्या तर ऐकून घ्यायच्या, सारवासारव करायची नाही. मग खरंच घालायचं नाही. जेवण एकाच भांड्यातून सगळ्यांना, त्याने स्वतः वाढून घ्यावं, हवं तर आधी तुम्ही खा. अंडी उकडून द्या सालीसकट, केळी ठेवा. हसू नका, सालीतली अंडी आणि केळी यांवर मी किती पोरं जगवलीत. सील असतं ना त्याला.

घरात दिवसभर एकानेच त्याच्या मागे लागायचं नाही. टोमणे, तुलना, "तुझ्या वयाचे बघ" हे बंद. घरात चिडचिड आणि टीका जास्त असेल तर आजार लवकर उलटतो हे पन्नास-साठ वर्षांपासून माहीत असलेलं आहे, पण कोणी घरच्यांना बसवून सांगत नाही.

एकदम औषध थांबल्याने त्याची झोप परत जाईल. किती रात्री, हे वहीत लिहा. जेवण आणि पाणी पूर्ण सुटलं, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल असं वाटलं, आवाज मर म्हणतात असं बोलला, तर मग त्याच्या होची वाट बघायची नाही. सरळ हॉस्पिटल. तो तयार नसताना दाखल करायची कायद्यात सोय आहे, पण ती ठरावीक दिवसांची आहे, तपासणीनंतरच आहे, आणि बांधून-कोंडून ठेवायची परवानगी घरच्यांना अजिबात नाही. साखळीला तर कायद्याने थेट बंदी आहे.

रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर १४४१६, टेलिमानस. फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलतात. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे तरी आमच्याच दवाखान्यातल्या निम्म्या स्टाफला पाठ नाही. पुण्याच्या जवळ असाल तर स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, तिथे घरच्यांचे गट बसतात. आईंना एकदा घेऊन जा. भावाला न्यायची गरज नाही, आईंना न्या.

---

थेम्सकाठची

मी मूळची सांगलीची, इंग्लंडमध्ये अर्ली इंटरव्हेन्शन टीममध्ये नर्स आहे. धागा वाचून राहवलं नाही.

इथे ज्याला पहिल्यांदा सायकोसिस होतो त्याला साधारण तीन वर्षं एकच टीम बघते आणि त्याचा एक ठरलेला माणूस असतो, केअर को-ऑर्डिनेटर. तो बहुतेक वेळा आमच्यासारखा कम्युनिटी नर्स. एकाकडे पंधराच्या आसपास लोक असावेत असं धरलेलं आहे (जास्त होतात, तो वेगळा धागा). एप्रिल २०१६ पासून नियम आला की रेफर झालेल्यांपैकी निम्म्यांचे तरी उपचार दोन आठवड्यांत सुरू झाले पाहिजेत, नंतर तो आकडा ६० टक्क्यांवर नेला. टीममध्ये नोकरी शोधायला मदत करणारा माणूस पण असतो. ही कल्पना मूळची मेलबर्नची, पॅट्रिक मॅकगोरी म्हणून सायकियाट्रिस्ट आहेत त्यांनी १९९२ च्या सुमाराला तिथे तरुणांसाठी वेगळं केंद्र काढलं.

नॉर्वेचं एक उदाहरण आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगतात ते इथे सांगण्यासारखं आहे. स्टाव्हांगरच्या भागात त्यांनी पेपरात, रेडिओवर, शाळांमधून सायकोसिसची माहिती दिली, आणि फोन केला की टीम लगेच बघायला येणार अशी सोय ठेवली. उपचाराविना जाणारा काळ २६ आठवड्यांवरून ५ आठवड्यांवर आला. मग जाहिराती थांबवल्या, टीम तशीच होती, तर तो परत वाढून १५ आठवडे झाला. म्हणजे नुसती टीम असून भागत नाही, शेजाऱ्याला आणि शाळेच्या बाईंना माहीत असावं लागतं.

पण ब्रदर, तुमचा हेवा वाटला ते सांगते. तुमच्या गोष्टीत दारात तोंडाला पदर लावून उभी असलेली आई आहे. माझे बरेच जण एका खोलीत एकटे राहतात, मी बेल वाजवते, पत्रपेटीच्या फटीतून हाक मारते, आतून टीव्हीचा आवाज येतो, दार उघडत नाही. मी एक चिठ्ठी टाकते, गुरुवारी परत येईन. गुरुवारी परत जाते. कधीकधी सहा गुरुवार. चेन्नईच्या स्कार्फ या स्किझोफ्रेनियावर काम करणाऱ्या संस्थेने आणि मॉन्ट्रियलच्या लोकांनी मिळून दोन्हीकडच्या अशा तरुणांची तुलना केली होती, त्यात चेन्नईत घरचे जास्त गुंतलेले होते आणि मधेच सोडून जाणारे कमी. मला आश्चर्य वाटलं नाही.

---

आडवाटेचा_ब्रदर

@थेम्सकाठची, पंधरा पेशंट वाचून खुर्चीतून पडलो. माझ्या वहीतला आकडा लिहीत नाही, तुम्हीच रडाल. आणि आमची नेमणुकीची ऑर्डर अकरा महिन्यांची असते, तीन वर्षं एकच माणूस राहील याची मलाच खात्री नाही.

घरच्यांचं म्हणालात ते खरं, पण आमच्याकडे दिवाळी झाली की ते घरच निघून जातं. ऊसतोड. टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात ते थेट मार्च-एप्रिलला परत. माझा एक पेशंट आहे, बायकोसोबत कोयत्यावर, म्हणजे जोडीने ऊस तोडायला, जातो. पहिल्या वर्षी मी महिन्याच्या गोळ्या दिल्या, संपल्या, फडातून दवाखान्यात जायला सुट्टी कोण देणार, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली. जानेवारीत ट्रॅक्टरवरून उडी मारून पळाला, दोन दिवस सापडला नाही. दुसऱ्या वर्षी डॉक्टरांशी बोलून महिन्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनवर आणला. कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना फोन केला, चिठ्ठी दिली, दर महिन्याला बाजाराच्या दिवशी जाऊन टोचून घ्यायचं. मुकादमाला काही सांगितलं नाही, सांगितलं असतं तर पुढच्या वर्षी कोयता मिळाला नसता. चौकशीचा फोन मी त्याच्या वहिनीला करायचो आणि आमचा कोडवर्ड होता, "बैल पाणी पितोय का?"

पितोय म्हणाली की झोपतोय.

---

आशा_पण_माणूसच

ब्रदर लिहितात ते अगदी बरोबर. पण आशाने सांगितलं म्हणून गेलो हे एक वाक्य झालं, त्यामागे आम्ही त्या घरच्या शिव्या खाल्लेल्या असतात. "आमच्या पोराला वेडा म्हणते" म्हणून माझ्याशी एक घर दोन वर्षं बोलत नव्हतं, लसीकरणाला पण बाळ आणेनात. आता बोलतात. पोरगा टेम्पो चालवतो.

---

सध्या_बरा

सगळं वाचलं. छान चाललंय, पण इथे आतापर्यंत सगळे आमच्याबद्दल बोलतायत, आमच्यातलं कोणी नाही. म्हणून लिहितो.

मला १९ व्या वर्षी झालं. आता २७. आवाज कसा असतो हे लोकांना सांगता येत नाही. विचार ऐकू येतो तसा नसतो, बाहेरूनच येतो, बाजूच्या खोलीतून कोणी बोलावं तसा. माझा एक आवाज आमच्या पीटीच्या सरांचा होता, शेवटपर्यंत कळलं नाही त्यांचाच का. तुम्ही म्हणता खोटा आहे, पण तुम्ही माझ्याशी बोलता तो आवाज आणि तो आवाज यात मला काही फरक ऐकू येत नव्हता, मग मी तुम्हाला खरं का मानू?

माझ्याकडे पण एक सिस्टर यायच्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा वडिलांनी दहा मिनिटं माझ्यासमोर माझ्या तक्रारी सांगितल्या, हा असं करतो, हा तसं करतो, मी भिंत बघत होतो. सिस्टरनी त्यांना थांबवलं आणि मला विचारलं, "तुझ्याबद्दल बोलतोय आम्ही, तुला चालतंय का, का तू सांगतोस?" सहा महिन्यांत मला कोणी चालतंय का विचारलं नव्हतं. मी काही बोललो नाही. पण त्या पुढच्या वेळी आल्या तेव्हा खोलीचं दार मी उघडं ठेवलं होतं.

आता ब्रदरना एक तक्रार. गोळ्यांनी आवाज गेले, मान्य. पण वर्षभरात मी ५८ चा ७९ किलो झालो. रात्री उठून उठून पोळ्या खायचो. तोंडातून लाळ, दुपारी बारापर्यंत डोळे उघडत नाहीत, आणि घरचे म्हणतात आळशी झालाय. अजून एक गोष्ट, ती मी कुठल्या डॉक्टरला बोललो नाही, लाज वाटायची, लग्न झालेले पुरुष समजतील. त्या कारणाने मी गोळ्या बंद केल्या. कोणाला न सांगता. दोन महिन्यांनी सर परत बोलायला लागले.

दुसऱ्यांदा त्याच सिस्टर आल्या. ओरडल्या नाहीत. "कशामुळे बंद केल्यास" म्हणाल्या, आणि मग स्वतःच एक-एक विचारत गेल्या, वजन? झोप? पाळी असती तर तेही विचारलं असतं असं म्हणाल्या आणि मग ते लाजेचं पण सरळ विचारलं, जसं ताप आहे का विचारतात तसं. गोळी बदलून मिळाली. टेप आणून पोटाचा घेर मोजायच्या, बीपी, शुगर. आम्ही एक कागद केला होता, माझं बिघडायला लागलं की आधी काय होतं ते. माझं म्हणजे आधी झोप एक तासाने कमी होते, मग मी चप्पल घरात घालायला लागतो, मग पंखा बंद करतो. तो कागद कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवलाय, बायकोला पण माहितीये. हो, लग्न झालं, सगळं सांगून झालं.

झेरॉक्सचं दुकान आहे. दोनदा परत त्रास झाला, पण ॲडमिट व्हावं लागलं नाही.

---

आडवाटेचा_ब्रदर

@सध्या_बरा, तक्रार मान्य. वजन मी मोजतो. ते दुसरं मीही विचारत नव्हतो, खरं सांगतो, समोर आई-बाप असतात, आणि मलाच जमत नव्हतं. उद्यापासून विचारतो. ताप विचारतात तसं, हे लक्षात ठेवलं.

चप्पल आणि पंखा, हे मी माझ्या घरांमध्ये सांगू का? तुमचं नाव-गाव न घेता.

---

सध्या_बरा

सांगा की. पण प्रत्येकाचं वेगळं असतं, माझं कॉपी नका करू :)

---

मफलरवाले_डॉक्टर

हा प्रतिसाद माझ्या पीजी विद्यार्थ्यांना वाचून दाखवू का?

---

सध्या_बरा

दाखवा. दुकान किती वाजता उघडतं ते पण सांगा, गिऱ्हाईक कमी आहे सध्या.

---

सदाफुली_७

बारा दिवसांनी लिहितेय. मम्मीने सांगितलं त्याला. तो खूप बोलला तिला, खूप. मग दोन दिवस दार बंद. मग तिसऱ्या दिवशी अंडी संपली होती, ठेवलेली चारच्या चार. काल रात्री स्वयंपाकघरात येऊन कुकरमधून स्वतः भात वाढून घेतला, आधी मला खायला लावला, मग खाल्ला. झोप कमीच आहे, तीन-चार तास, वहीत लिहितेय. आत्या मागे लागलीये परत थेंब घाला म्हणून, मी तिचा फोन मम्मीला देतच नाही.

काल मी त्याला म्हटलं, सुदैवाने तो बोलण्याच्या मूडमध्ये होता, की तुझ्या आजाराबद्दल नाही, झोपेबद्दल दाखवू या का कोणाला. बराच वेळ विचार केला त्याने. मग म्हणाला, त्या दवाखान्यात वायफाय आहे का? नसेल तर येतो.

आता मी बिनवायफायचा सायकियाट्रिस्ट शोधतेय. कोणाला माहीत असेल तर विपू (खासगी निरोप) करा.

---

आडवाटेचा_ब्रदर

ताई, आमच्या ग्रामीण रुग्णालयात रेंजसुद्धा येत नाही. कॅम्प दर मंगळवारी, दहाला सुरू होतो. साडेनऊला या, गर्दी नसते तेव्हा. चहा बाहेरच्या टपरीवर घेऊ, त्याच्यासमोर गाळून देतो टपरीवाला.